पिवळा राहिलेला कागद

आयुष्यात मी बिबट्याला दोनदा समोरासमोर भेटलोय, आणि दोन्ही वेळा आधी वळला तो बिबट्याच. आमच्या गावातले काही लोक सांगतात की भेट एकदाच झाली आणि मी बाभळीवर होतो, सांगू देत. मुद्दा असा, की भीती काय असते ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि ती मला बिबट्यानं शिकवलेली नाही. ती शिकवली जेमतेम पाच फूट उंचीच्या, फुंकर मारली तर उडेल अशा अंगकाठीच्या, जीवशास्त्राच्या एका सरांनी.

मी तेव्हा आंबेगाव तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात व्यायामशिक्षक होतो. नव्वदीची अखेर असेल. कॉलेजला खोल्या कमी, त्यामुळे माझं खेळाचं सामान, म्हणजे भाले, गोळे, लेझमींचं पोतं, सगळं सरांच्या प्रयोगशाळेच्या मागच्या कोपऱ्यात. रोज सकाळी ते काढायला मला आत जावं लागे. आणि मी, पंचक्रोशीत अकरा कुस्त्या मारलेला गडी, तिथे चवड्यांवर चालायचो.

कारण ती बाटली. कपाटाच्या तळाशी पिक्रिक आम्लाची एक बाटली होती. आत हळदीसारखी पिवळी पूड, पाण्यात भिजवून ठेवलेली. भिजलेली आहे तोवर गरीब गाय. वाळली की सुरुंग. "झाकणाच्या आट्यांत एक कण जरी वाळला आणि तुम्ही झाकण फिरवलंत," सर सांगत, "तर तुमचे भाले मंचरच्या बाजारात सापडतील." हे ते ओरडून सांगत नसत. आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तसं कुजबुजत. त्यानं जास्तच घाम फुटायचा. दर सोमवारी ते बाटली बादलीभर पाण्यात बुडवून, पाण्याखालीच उघडून, आतलं पाणी बघायचे. दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा यायचे, तेवढ्यासाठी. आमच्या प्राचार्यांनी चार वर्षांत त्या खोलीची पायरी चढली नाही. तपासणीला आलेले साहेब तर दारातूनच "उत्तम, उत्तम" म्हणाले आणि उलट्या पावली गेले.

सरांना ती बाटली कशाला लागायची? कागद पिवळे करायला. गाळणकागदाच्या बोटभर पट्ट्या ते त्या पिवळ्या पाण्यात बुडवायचे, आणि मग सायकलला पिशवी अडकवून ज्वारीच्या रानांत हिंडायचे. परीक्षानळीत ज्वारीचं कोवळं पान चुरडायचं, वर पट्टी लोंबकळत ठेवायची, बूच मारायचं. तासाभरात पट्टी विटेसारखी तांबडी झाली, की सर मान हलवून पुढच्या रोपाकडे.

आता हे आमच्याकडच्या माणसाला समजावायला लागत नाही. ज्वारी कोवळी असताना, किंवा कापलेल्या खुंटाला नवे फुटवे आलेले असताना, त्यात पावसानं ताण दिला असेल, तर तिच्यात जनावर सोडत नाहीत. खाल्लं तर किराळ लागते. तोंडाला फेस येतो, श्वास भात्यासारखा चालतो, आणि चांगलं धट्टंकट्टं जनावर बघता बघता आडवं होतं. आमच्या आज्याला ते माहीत होतं, आज्याच्या बैलालाही माहीत असावं. सरांनी फक्त त्याचं नाव सांगितलं, स्टाफरूममध्ये, चहा पिताना.

"सायनाइड."

सगळ्यांचे कप एकदम खाली आले.

"पण ते ज्वारीत नसतं," सर म्हणाले. "पानात एका खोलीत साखरेला बांधून ठेवलेलं विष असतं. बांधलेलं, म्हणून निरुपद्रवी. शेजारच्या खोलीत कात्री असते. मध्ये भिंत. गाय चावते, भिंत पडते, कात्री दोर कापते. विष झाडात नसतं हो. विष भेटीत असतं."

या एका वाक्यावर त्या माणसाचं सगळं आयुष्य उभं होतं. त्यांच्या घरात स्टो पडवीत आणि काडेपेटी माजघरात. औषधाच्या दोन गोळ्या दोन वेगळ्या खिशांत. वर्गात एखादी मुलगी बोलता बोलता कडुलिंबाचं पान चुरगाळायला लागली, तर सर "चुरगाळू नका!" असे ओरडायचे की माझ्या मैदानावरच्या पोरानं त्या दचक्यात उंच उडीचा तालुक्याचा विक्रम मोडलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. लग्नाची पत्रिका आली की नवरा-नवरीची नावं वाचून सुस्कारा टाकायचे. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हा यांनी एकच प्रश्न विचारला. तुमच्याकडं ज्वारी करतात का भात? मी म्हणलं भात. लगेच व्हय म्हणाले."

सर स्वतः पश्चिमेकडच्या डोंगरातले, भातवाले. ज्वारीशी त्यांचं वैर कुठून लागलं याच्या कॉलेजात सतरा कहाण्या होत्या, त्यातल्या बारा माझ्याच. खरी त्यांनी मला एकदाच सांगितली, माझ्या निरगुडसरच्या रानाच्या बांधावर बसून, भलतीकडे बघत. लहानपणी त्यांचे वडील बैल घेऊन देशावर कामाला उतरले होते. डोंगरातल्या माणसाला काय ठाऊक? ज्वारी काढलेल्या रानात हिरवे फुटवे दिसले, त्यांनी कौतुकानं बैल सोडले. दोन्ही बैल एकाच जागी पडले. "वडील त्यांच्या पोटावर हात फिरवत बसले होते," सर म्हणाले. "त्यांना वाटलं, दमलेत."

मी ही कहाणी कधीच वाढवून सांगितली नाही.

तर ती कात्री. एकदा सर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मला साठ पोरं आणि तुमची शिट्टी द्या." मी दिली. त्यांनी मैदानावर पोरांना हातात हात घालून एका ओळीत उभं केलं. म्हणाले, "हे विकर. एन्झाइम. अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. खरी माळ पाचेकशे मण्यांची असते, पण तुमच्याकडे पोरं कमी." मग ती ओळ त्यांनी अशी वळवली, दुमडली, पुन्हा वळवली, की माळेत एकमेकांपासून लांब असलेली दोन पोरं बरोबर समोरासमोर आली. "हा एक ग्लुटामेट. हा दुसरा ग्लुटामेट."

दोघांच्या मध्ये आणखी दोन पोरं आणली, मनगटाला मनगट दोरीनं बांधून. एक साखर, एक विष. पहिल्या ग्लुटामेटच्या हातात, प्रोटॉन म्हणून, माझा टेनिसचा चेंडू. सरांनी शिट्टी फुंकली. पहिल्यानं चेंडू गाठीवर टेकवला, गाठ सैल पडली. त्याच क्षणी समोरच्यानं साखरेला आपल्याकडे ओढलं. विष सुटलं आणि मैदानभर मोकाट धावत सुटलं. मग पाणी म्हणून एक पोरगी आली, तिनं साखरेला सोडवलं, चेंडू पहिल्याला परत दिला. कात्री पुन्हा तयार.

"काम दोघंच करतात. मग बाकीची अठ्ठावन्न कशाला, सर?" मी विचारलं.

"त्या दोघांना नेमक्या जागी उभं करायला. वीतभर इकडे तिकडे झाले तर काही होत नाही."

आमच्या अकरावीत जुळी पोरं होती. सरांनी पहिल्या ग्लुटामेटला बाजूला केलं आणि त्याच्या जागी त्याचा जुळा भाऊ उभा केला, हात मोकळे. "हा ग्लुटामिन. तोंडावळा तोच, उंची तीच. पण द्यायला हातात काही नाही." शिट्टी वाजली. सगळे आपापल्या जागी, गाठ तशीच. विष झालेलं पोरगं सुटायला बघत होतं, सुटत नव्हतं.

"माळेतला एक मणी बदलला," सर पुटपुटले. "एक."

त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते बघून मी पोरांना लवकर सोडून दिलं. मला कळलं, हा माणूस गेली इतकी वर्षं सायकल हाणत काय शोधतोय. हजारो रोपांत निसर्गानं कुठेतरी चूक केली असेल, एखाद्या रोपाच्या कात्रीत तो मणी चुकीचा पडला असेल. ते रोप, ज्याचं पान चुरडलं तरी कागद पिवळाच राहील.

आणि ते सापडलं माझ्या रानात. ऑगस्टातली दुपार, बांधावर चारशे नळ्या लावलेल्या (बरं, चाळीस), एकूणएक पट्ट्या तांबड्या, आणि मधोमध एक पिवळी. सरांनी त्याच रोपाचं पान पुन्हा चुरडलं. पिवळी. तिसऱ्यांदा. पिवळी. मी फेटा उडवायच्या बेतात होतो. सर मात्र मटकन खाली बसले.

"सर, अभिनंदन!"

"गप्प बसा. पिवळा कागद एवढंच सांगतो की सायनाइड सुटलं नाही. का सुटलं नाही, ते कागद सांगत नाही."

"तो मणी बदलला असंल की."

"असेल. ते बघायची यंत्रं आपल्याकडे नाहीत. मी म्हणेपर्यंत यातलं एक पान कुठल्या जनावराच्या तोंडाला लावायचं नाही. शपथ घ्या."

मी घेतली. शपथा घ्यायला मी पहिल्यापासून तयार असतो.

तीन हंगाम सरांनी त्या एका रोपाचा वंश वाढवला. कणसांना कागदी पिशव्या बांधल्या, दाणा दाणा वेचला. तिसऱ्या वर्षी माझ्या रानात दोन गुंठे ज्वारी उभी राहिली, आणि दोन पायल्या बी सरांच्या घरी डब्यात जमलं. इकडे मी बाजारात सांगत होतो ते दोन एकर. मंचरच्या चहाच्या टपरीवर ते पाच एकर झालं. "किराळ आता इतिहासजमा," मी म्हणायचो, "आमच्या सरांनी कात्रीच मोडलीय." माणसं ऐकत बसायची. खोटं तरी कसं म्हणू? मला ते सगळं खरंच वाटत होतं.

त्या वर्षी पावसानं मध्येच दडी मारली. हिरवा चारा कुठे दिसेना. आणि एका शनिवारी, मी सकाळच्या कॉलेजला निघालो होतो, तेवढ्यात माझी चुलत चुलती, हौसाकाकू, बोरी बुद्रुकवरून ओळखीच्या टेम्पोत बसून निरगुडसरला आली. काका मुंबईला मार्केटात, इथलं सगळं ती एकटी बघायची. गोठ्यात एक तांबडी जर्सी, दिवसाला बारा लिटर देणारी. घर त्या गाईवर चालायचं म्हटलं तर यात माझी काही भर नाही.

"काय मास्तर," काकू म्हणाली, "लई बडाया ऐकल्या तुझ्या ज्वारीच्या. खरं व्हय? किराळ न्हाई लागत?"

समोर दोन गुंठे हिरवीगार, गुडघाभर ज्वारी. मागे टेम्पोवाला ऐकत उभा. मी काय म्हणणार होतो? मी म्हणालो, "काकू, गाईला घाल, नाय तर तू खा." आणि स्वतः विळा घेऊन चार पेंढ्या कापून टेम्पोत टाकल्या. सरांची शपथ आठवली नाही असं नाही. वाटलं, शास्त्रज्ञ माणसं उगाच भित्री असतात.

दुपारी कॉलेज सुटल्यावर मी भाले ठेवायला प्रयोगशाळेत गेलो. सर खिडकीपाशी एक नळी उजेडात धरून उभे होते. गुरुवारी त्यांनी माझ्याकडून माझ्या बैलाच्या तोंडातला रवंथाचा घास मागून घेतला होता, का ते न सांगता. मी डब्यातून आणून दिला होता. तो घास त्यांनी आपल्या त्या गरीब ज्वारीच्या चुरडलेल्या पानात कालवला होता.

नळीतली पट्टी तांबडी होती. विटेसारखी.

"चुकलो," सर म्हणाले. "कात्री मोडलीय, पण बांधलेलं विष तिथेच आहे, सगळंच्या सगळं. आणि गाईच्या पोटात जे जंतू असतात ना, त्यांच्याकडे त्यांची स्वतःची कात्री आहे. तेच दोन ग्लुटामेट, तसेच समोरासमोर. झाडानं कापलं नाही तर पोट कापतं. बरं झालं, आपण कुणाला..."

माझ्या हातातला भाला खाली पडला. त्या बाटलीच्या खोलीत, एवढा आवाज झाला, आणि सरांनी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं.

"कुणाला दिलीत?"

"काकूला. बोरीला. सकाळी."

"घातली असेल?"

"धारेच्या वेळेला हिरवा टाकती ती. चार-साडेचारला."

घड्याळात दीड वाजून गेला होता. बोरीच्या दूध डेअरीत फोन होता. कॉलेजच्या फोनवरून लावला, वाजत राहिला. दुपारची डेअरी बंद. सरांनी पिशवी उचलली आणि माझ्या फटफटीवर मागे बसले. "आधी नारायणगाव," म्हणाले. "फोटो स्टुडिओ."

मला वाटलं, धक्क्यानं माणूस फिरला. पण फोटो धुवायला हायपो नावाचं मीठ लागतं, आणि ते सायनाइडला धरून निकामी करतं, हे सरांना ठाऊक होतं. स्टुडिओवाला म्हणाला, "राव, आख्खा डबा? कुणाचं लगीन हाय का?" सर म्हणाले, "गाय मरतीय." त्यानं डबा दिला, वर एक रिकामी काचेची बाटली दिली.

त्या रस्त्याचं वर्णन मी एरवी अर्धा तास करतो. त्यात मी दोन एसट्या ओलांडतो आणि कुकडीचा पूल चाकं न टेकवता पार करतो. खरं सांगायचं तर मला रस्ता दिसतच नव्हता. मागे सर बसले होते, सत्तर वेळा शिव्या द्यायचा हक्क असलेला माणूस, आणि ते फक्त पुटपुटत होते, "तीस ग्रॅम. पाण्यातून. तासानं पुन्हा. तीस ग्रॅम." वडाच्या सावल्या अंगावरून जात होत्या आणि प्रत्येक सावलीला मला पाय ताठ केलेली गाय दिसत होती.

काकूच्या अंगणात माणसं जमलेली. म्हणजे उशीर झाला होता. हंबरडा फोडती म्हणून काकूनं गाईला दोनलाच चारा टाकला होता. तांबडी गुडघ्यांवर बसलेली, मान लांब, तोंडाला फेस, बरगड्या धाडधाड वर-खाली. सरांनी तिचा ओठ वर केला. हिरड्या लालभडक, ताज्या डाळिंबासारख्या. "रक्तात प्राणवायू आहे, शरीराला वापरता येत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. जनावरांचा डॉक्टर बेल्ह्याला गेलेला. माणूस धाडला होता.

"कुणी औषध घालतंय का नुसतं तोंड बघताय?" काकू ओरडली. आवाज तिचा, पण रडका.

सरांनी बाटलीत हायपो कालवला. मी गाईचं तोंड धरलं. धरलं म्हणजे, तेवढं एक काम मला येत होतं. सर थोडं थोडं ओतत होते, तिच्या श्वासाकडे बघत, ठसका लागू न देता. एक बाटली. तासानं दुसरी. मध्ये गाईच्या अंगातून एक थरथर गेली, तेव्हा सरांनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि लगेच, चटका बसावा तसा, काढून घेतला. मी दुसरीकडे पाहिलं.

डॉक्टर आले, त्यांनी सुई दिली, हायपोचा डबा बघून सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आणि दिवे लागायच्या सुमाराला तांबडीनं पुढचे पाय सावरले, कंबर उचलली, धडपडली, पुन्हा उचलली, आणि उभी राहिली.

"चार पेंढ्या खाऊन उभी राहिलेली गाय मी पाहिली नाही," डॉक्टर म्हणाले.

"चार कुठल्या?" काकूनं पदरानं तोंड पुसलं. "ह्यो मास्तर जे बोलतो त्यातलं निम्मं सोडायचं असतं, आमच्या सगळ्या भावकीला ठावं हाय. मी दोनच टाकल्या. त्यातली बी एक वासरानं तुडवली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पुन्हा माझ्या दारात ज्वारीचं नाव काढलंस ना, तर विळ्यानं जीभ कापून ठिवीन."

सगळे हसले. मीही हसलो असेन. सर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवारी त्यांनी माझ्या रानातली दोन गुंठे ज्वारी मुळासकट उपटली. मी मदतीला वाकलो तर म्हणाले, "तुम्ही बांधावर बसा." वाळल्यावर जाळायची म्हणून सगळी एका जागी रचली. संध्याकाळी मला घरी यायला सांगितलं. मला वाटलं, आता बोलणार. आता काढणार सगळं. मी मनात माफीचं भाषण जुळवत गेलो.

घरी गेलो तर चूल पेटलेली. वहिनी भाकऱ्या थापत होत्या. बियाण्याचा डबा उपडा पडला होता. तीन हंगामांच्या दोन पायल्या, सरांनी सकाळीच गिरणीतून दळून आणल्या होत्या.

"हे कुणाच्या हाती लागायला नको," सर म्हणाले. "दाण्यात विष नसतं. फक्त पाल्यात. बसा."

वहिनींनी तीन ताटं केली. भाकरी, पिठलं, कांदा. भाकरी पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली. मी त्या माणसाच्या प्रत्येक शब्दावर इतकी वर्षं बाजार गाजवला होता. दाण्यात विष नसतं हे तर मलाही माहीत, गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. त्याच ज्वारीच्या वंशावर आमच्या पिढ्या वाढल्या. पण हात ताटाकडे जाईना. मी म्हणालो, "पोट भरलंय."

सरांनी माझ्या ताटातली भाकरी उचलून आपल्या ताटात घेतली. मोडली. चावायला लागले, सावकाश. वहिनी चुलीकडे तोंड करून बसल्या. आणि मी, काय करतोय ते माझ्याही लक्षात नव्हतं, सरांच्या ओठांकडे वाकून बघत होतो, घास चावताना हिरड्या दिसतात का म्हणून.

त्यांना ते कळलं. त्यांनी घास गिळला, पाण्याचा घोट घेतला, आणि माझ्यापुढे तोंड उघडून ओठ बोटानं वर धरला.

हिरड्या फिक्या गुलाबी होत्या. माणसाच्या असतात तशा.